कोरडं वजन

काट्यावर उभा राहिलो की शायनी सिस्टर
माझ्याकडे नाही, आकड्याकडे बघते.
"तोडंगर, तीन किलो दोनशे."
म्हणजे गुरुवारपासून आज रविवारपर्यंत
मी तीन लिटर दोनशे पाणी चोरलं.
आमटीतून, चहातून, कलिंगडाच्या एका फोडीतून,
रात्री अडीचला नळाखाली धरलेल्या जिभेवरून.

माझं कोरडं वजन एकसष्ट.
त्यावर जे असेल ते माझं नाही,
चार तासांत परत द्यायचं.

गावाचं नाव सूर.
सोळा वर्षांपूर्वी मालनला गंमत वाटायची,
फोनवर विचारायची, "लागला का सूर?"
तेव्हा मी खताच्या कारखान्यात स्टोअरकीपर.
नट, वॉशर, गॅस्केट,
कुठलं कुठल्या रॅकवर, डोळे मिटून सांगायचो.
आता किल्ल्यांची वही दिलीय. लाइट ड्यूटी.
किल्ली गेली, वेळ लिहायची.
किल्ली आली, वेळ लिहायची.
मालन हल्ली सुराचं विचारत नाही.
जेवलात का, एवढंच.

शेजारच्या खुर्चीत म्हातारा खमीस.
नावाचा अर्थ गुरुवार,
पण येतो माझ्यासारखाच तिन्ही वारी.
चाळीस वर्षं त्यानं गलबतांच्या फळ्यांमधल्या फटींत
तेलात भिजवलेला कापूस ठोकला,
पाणी आत येऊ नये म्हणून.
"आता बघ," म्हणतो मोडक्या हिंदीत,
"बाहेर जाईना."

मे महिन्यात एक फॉर्म आला.
गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का?
कधीच नाही. काही दिवस.
निम्म्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज.
माझ्या हातात दोन सुया, म्हणून पेन शायनीच्या हातात.
"उदास?" तिनं विचारलं.
मला तो शब्द अंगापेक्षा मोठा वाटला.
उदास म्हणजे कुणी खिडकीशी बसलेलं.
माझं तसं नाही.
माझं म्हणजे साबण संपलाय
हे आठ दिवस नुसतं दिसत राहतं.
लेकीनं धाडलेला निकालाचा फोटो
मोठा करून बघायचा राहतो.
म्हटलं, कधीच नाही.
नऊ प्रश्न. नऊदा कधीच नाही.

त्याच गुरुवारी मी गेलो नाही.
मरायचं वगैरे काही ठरवलं नव्हतं,
फक्त गाडीनं हॉर्न दिला तेव्हा बूट घातले नव्हते.
पडून राहिलो. हातातली जोडलेली शीर
उशीखाली गुरगुरत होती, जुन्या फ्रीजसारखी.
आपल्यात म्हणतात, पाणी सोडलं.
शहाळ्यावर सोडलं, खजुरावर सोडलं,
स्टोअरवर, मालनच्या कुशीवर.
दिवसाला साडेसातशे मिली मिळतं,
एवढ्यात माणसानं
कशाकशावर सोडायचं?

दुपारी दार वाजलं. खमीसचा नातू,
खाली गाडी चालूच.
"आजोबा सुई टोचून घेत नाहीयेत.
म्हणतात, शेजारी आल्याशिवाय नाही.
सिस्टर दोनदा ओरडली."
मला राग आला.
काय लागतो हा माझा? कुणी सांगितलं होतं?
जिना उतरेपर्यंत रागावलेला होतो,
आणि गाडीत बसल्यावर कळलं
की कितीतरी महिन्यांनी
काहीतरी आलंय.

खमीसनं काही विचारलं नाही.
त्याच्या वाट्याच्या पेल्यातला बर्फाचा एक खडा
माझ्या तळहातावर ठेवला आणि
पाच मिनिटांत घोरायला लागला.

शायनीला म्हटलं, तो फॉर्म आण.
"पुढचा ऑगस्टमध्ये."
म्हटलं, मग लिही कुठेतरी पेन्सिलनं.
काय लिहू?
जवळजवळ रोज.

ती थांबली. यंत्राच्या कडेला चिकटपट्टी लावली,
तिच्यावर तिच्या मल्याळममध्ये काहीतरी लिहिलं.
दोन ओळी. मला वाचता येत नाही.
"डॉक्टरशी मी बोलते," म्हणाली,
"तू पण बोलायचं. मी एकटी नाही."

निघताना काट्यावर उभा राहिलो.
एकसष्ट शंभर.
शंभर ग्रॅम जास्त.
या वेळी तिनं आधी माझ्याकडे बघितलं.
असू दे, म्हणाली.